एका प्लॉटवर दुसरी चूल

१९ ऑगस्ट

चूल काढायची म्हणे. माझी!

सकाळी मोटारसायकलवरून एक मुलगा आला. देवास नगर निगमचा, म्हणजे पालिकेचा, इंजिनियर, अर्पित नाव. हातात मोजायची टेप. माझ्या मुलाच्या, श्रेयसच्या घराला वळसा घालून थेट मागे परसात, माझ्या दाराशी. खोली मोजली, न्हाणी मोजली, मग ओट्यापाशी येऊन थांबला. "माताजी, रूम रखो, बाथरूम रखो, कोई दिक्कत नी है. पर ये चौका नी रख सकते. एक प्लॉट पे दूसरा चौका, मतलब दूसरा मकान. उसकी परमिशन होती नी."

चौका काय, चूल काय, आपलं म्हणायचं. आहे ती दोन बर्नरची शेगडी, एक ओटा आणि एक नळ. त्याच शेगडीवर त्याला चहा करून दिला. प्यायला. आलं छान लागलं म्हणाला आणि नोटीस ठेवून गेला. महिनाभरात ओटा काढा, नाहीतर आम्ही येऊन काढू.

कोणीतरी तक्रार केली आहे. नाव सांगत नाहीत. "कॉलनी का ही कोई है," एवढंच.

काढणार नाही.

२० ऑगस्ट

आज मुद्दाम पुरण घातलं. वास चार घरं जाऊ दे.

२२ ऑगस्ट

श्रेयस आला होता ऑफिसला जाता जाता. "आई, हटवून टाक ना तो ओटा. खोली राहू दे. झोप तिथे, पूजा कर तिथे. जेवण आमच्यासोबत. कशाला निगमशी पंगा घ्यायचा?"

म्हटलं, ओटा गेला की उरते ती झोपायची खोली. पाहुण्यांना देतात तशी. मी पाहुणी नाही, प्लॉट माझ्या नावावर आहे. तो गाडीची किल्ली उचलून निघाला. हल्ली असाच निघून जातो.

मी भांडून मागे आलेली नाही. हे गेल्यावर पुढचं घर श्रेयस-ऋजुताला दिलं आणि परसात माझ्यापुरतं बांधून घेतलं. आधी सासूबाईंची चूल. मग शाळेची नोकरी, घंटेच्या आधी डबे. मग यांची पथ्यं. भाजीत गूळ किती घालायचा हे जन्मात कधी मी एकटीनं ठरवलं नव्हतं. आता ठरवते. दुपारी चारला भूक लागली तर चारला जेवते. कंटाळा आला तर दूध-पोहे. कोणी ताटकळत नाही, कोणी तोंड वाकडं करत नाही. एवढीच माझी चैन आहे.

पण आपल्या लोकांत चूल वेगळी म्हणजे घर फुटलं! मंडळात भजनाला गेले तरी आवाज खाली करून विचारतात, "सुनेशी पटत नाही का हो?" पटतं. चांगलं पटतं. ती माझी भेंडी खात नाही, मी तिचा पास्ता खात नाही, म्हणून तर पटतं.

२५ ऑगस्ट

हसू की रडू ते कळेना.

मी देवीच्या टेकडीवर दर्शनाला गेले होते. मागे तो अर्पित पुन्हा पाहणीला आला. ऋजुता मला वाचवायला पुढे झाली. पोर मनानं सोन्यासारखी, पण उत्साह फार. म्हणाली, "ये किचन थोड़ी है भिया. यहाँ आई सोवळ्यात भगवान का भोग बनाती हैं. खुद तो हमारे यहाँ खाती हैं." त्यानं विचारलं, सोवळं म्हणजे काय. हिनं सांगितलं, आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, कोणाला शिवायचं नाही. त्यानं विचारलं, मूर्ती है क्या? हिनं देव्हारा दाखवला. वर घंटा वाजवून दाखवली.

झालं. त्यानं लिहिलं, रहिवासी प्लॉटवर विनापरवाना मंदिर.

मी परत आले तर ऋजुता दारातच, चेहऱ्यावर काम फत्ते. मी डोक्याला हात लावला. काल नुसती शेगडी होती, आज बेकायदा देऊळ! संध्याकाळी समोरची उर्वशी हातात नारळ घेऊन आली. "हमें तो पता ही नी था माताजी, घर के सामने मंदिर है." नारळ कोणाला परत करता येतो? वड्या केल्या. अर्ध्या तिला दिल्या. प्रसाद म्हणून डोक्याला लावून घेऊन गेली.

२८ ऑगस्ट

स्वतः गेले निगमात. अर्पितच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, देव आहेत, पण ते माझ्याकडे राहतात. मी त्यांच्याकडे नाही. जेवते मी. चौका आहे, चौका लिही.

तो डोकं खाजवत राहिला. "माताजी, मंदिर लिखा रहने देतीं तो कोई हाथ नी लगाता."

म्हटलं, खोटं बोलून राहायचं असतं तर नवऱ्याच्या हयातीत पुष्कळ सोयी झाल्या असत्या. सगळं ऑफिस हसलं. त्यानं मंदिर खोडलं.

मग त्यानंच खुर्ची दिली आणि सांगितलं. नियम बदलायचं चाललं आहे. राहत्या घराच्या मागे दुसरं छोटं घर, स्वतःच्या चौक्यासकट, चालेल. अट एवढीच की मालकानं त्याच प्लॉटवर राहायला हवं. आणि त्याच मसुद्यात दुसरं कलम आहे, मोबाईल कंपन्यांना गल्लीतल्या लाइटच्या खांबांवर रेंजसाठी छोटे डबे लावू देण्याचं. टॉवर नाही, डबा. दोन्ही एकदमच मंजूर नाहीतर एकदमच बारगळणार. सतरा सप्टेंबरला लोकांचं ऐकणार आहेत. "तब तक मैं रुकता हूँ. आप भी कुछ तुड़वाओ मत."

कोण तोडतंय!

३ सप्टेंबर

मंडळाच्या गणपतीत भैयासाहेब भेटले. आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष, मराठी मंडळाचेही अध्यक्ष. घरातही अध्यक्षच असावेत. सगळ्या मसुद्यालाच विरोध करायचा म्हणून सह्या गोळा करत होते. डब्यातून किरणं येतात. मागच्या घरांत भाडेकरू येतात, त्यांच्या गाड्या येतात. "वहिनी, खंभे पे मशीन और आँगन में किराएदार! कॉलनी आहे की सराय?"

मग जरा जवळ येऊन, समजुतीच्या सुरात, "आपल्यात घर एक, चूल एक, कुलाचार एक. तुम्हीच असं केलंत तर तरुणांनी काय शिकायचं?"

मी विचारलं, तुम्हाला माझी चूल कुठून दिसली? तर म्हणाले, "अहो, कॉलनीत काय लपतं?"

कळलं मला. तक्रार यांचीच. दुसरं कोण असणार! यांना घरात रेंज मिळत नाही, पुण्याच्या मुलीशी बोलायला पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढतात, तिथून सगळ्यांची परसं दिसतात. त्यातून डब्याला विरोध. कमाल आहे.

सही केली नाही. आरतीला मात्र थांबले. गणपतीशी माझं भांडण नाही.

१३ सप्टेंबर

आज यांचं श्राद्ध.

श्रेयसला पुढच्या घरात हवं होतं. म्हटलं, ठीक, पिंड तिथे, पान तिथे. पण स्वयंपाक मी माझ्या ओट्यावर करणार. केला. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी. सगळं परसातून पुढे नेलं. ऋजुता वाटेतल्या चपला आधीच उचलून ठेवत होती, मला शिवू नये म्हणून भिंतीला चिकटून चालत होती.

जेवण झाल्यावर गुरुजींनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना फक्त नवरात्रातल्या पूजांचे वार ठरवायचे होते. "तुमचं आता विभक्त समजायचं का? म्हणजे नवरात्रात घट एक की दोन?"

श्रेयसचं तोंड उतरलं. समोर त्याचे काका, आत्या, सगळे बसलेले. मी म्हटलं, "घट एक. चुली दोन. तसंच समजा." गुरुजी हो म्हणाले. पण श्रेयस नंतर पानावर बसला तो नुसता वरण-भात कालवत बसला. यांना आवडायची ती खीर त्यानं चाखलीसुद्धा नाही. मला फार लागलं ते. माझा मुलगा माझ्यामुळे खाली मान घालून जेवला.

तरी ओटा काढणार नाही. लागलं म्हणून चुकलं असं होत नाही.

१५ सप्टेंबर

दोन दिवस श्रेयस इकडे फिरकला नाही. नात मात्र येते. चिऊ शाळेतून थेट माझ्याकडे येते, पोळीचा लाडू खाते, जाते. तिला मराठी वाचता येत नाही, पण लाडूवर तूप कमी पडलं की लगेच कळतं.

१७ सप्टेंबर

निगमच्या सुनावणीत बोलून आले.

हॉल भरलेला. भैयासाहेब सह्यांचा गठ्ठा घेऊन पहिल्या रांगेत. ते बोलले, चांगलं बोलले. परंपरा, सुरक्षा, किरणं. टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. श्रेयस मागे दाराशी उभा दिसला. आला म्हणून बरं वाटलं.

हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हटलं, याच देवासमध्ये दोन गाद्या होत्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि गाव एक. माझे आजेसासरे थोरल्या पातीच्या दफ्तरात, माझे आजोबा धाकट्या पातीच्या. तरी सोयरीक झाली, मी त्याच सोयरिकीतली आहे. टेकडीवर बघा. बड़ी माता, छोटी माता. डोंगर एक, देवळं दोन, नैवेद्य दोन. आजवर कोणी म्हटलं का की देवींचं पटत नाही? मग ज्या गावात दोन राजे नांदले, त्या गावात एका प्लॉटवर दोन शेगड्या का नांदू नयेत?

हॉल हसला. अर्पितसुद्धा, फाइल तोंडाशी धरून.

मग डब्याचं. म्हटलं, किरणं मोजा, मोजल्याचा कागद खांबावर चिकटवा आणि दर वर्षी बदला. मग लावायचा असेल तर पहिला डबा माझ्या खिडकीसमोरच्या खांबावर लावा. मी पळून जात नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. भैयासाहेबांकडे बघून म्हटलं, "माझी तक्रार करणारे इथेच बसले आहेत. चूल मोडायची हौस आहे, नाव सांगायची हिंमत नाही." ते लालबुंद होऊन उठले. "वहिनी, मी नाही! देवाशपथ सांगतो!" मी म्हटलं, नसाल तर बसा. ते बसले. लोक त्यांच्याकडे बघत होते. मला बरं वाटलं, लपवत नाही.

घरी श्रेयसच्या गाडीतून आले. मी म्हटलं, कसं बोलले? "अच्छा," म्हणाला.

२२ सप्टेंबर

घट बसले. एकच, पुढच्या घरात. फुलोरा माझ्याकडून गेला.

९ ऑक्टोबर

मंजूर!

अर्पित स्वतः सांगायला आला. दोन्ही कलमं मंजूर, मागच्या घराचं आणि डब्याचं. किरणं मोजायची अटही घातली. नोटीस रद्द. ऋजुतानं मला मिठी मारली, मी सोवळ्यात होते तरी. पुन्हा आंघोळ केली आणि शिरा केला. गूळ घालून. शिऱ्यात गूळ घालतात का, असं विचारायला कोणी नव्हतं.

अर्पितनं दोनदा घेतला. जाताना म्हणाला, "माताजी, अब तो पक्का मकान हो गया आपका."

श्रेयसला फोन केला. "हो का," म्हणाला. "छान."

११ ऑक्टोबर

तक्रार श्रेयसनं केली होती.

स्वतः येऊन सांगितलं. दारात उभा राहून, लहानपणी काच फोडली की उभा राहायचा तसा. "आई, शिकायत मी केली. मंडळात विचारतात, आईला जेवायला घालत नाहीस का रे. काय सांगू त्यांना? वाटलं, निगमनं ओटा काढला तर तू आपोआप आमच्याकडे जेवशील. मला वाईट व्हावं लागणार नाही."

राग आला. खूप आला. भर हॉलमध्ये भैयासाहेब शपथ घेत होते आणि हा दाराशी गप्प उभा होता. म्हटलं, उद्या तू आणि मी, दोघं त्यांच्या दारी जायचं. माफी आधी मी मागणार, मग तू, आणि मंडळासमोर पुन्हा. तो हो म्हणाला. डोळे पुसत होता.

मग शेगडी पेटवली. ताट वाढलं त्याचं. म्हटलं, बस. आणि यापुढे कोणी विचारलं तर सांग, आई मला जेवायला घालते.