तीन वायरी, आठ बोर्ड

३ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून नोंदी. काम: आम्ही काही जणांनी मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम या पत्त्यांच्या कॅटएवढ्या स्वस्त बोर्डांवर, म्हणजे चिमुकल्या कॉम्प्युटरांवर, चालवणे. सिस्टीमचे जगभरात वापरकर्ते एकोणीस. दर्जा असला की गर्दी नसते.
ही ज्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, तिथले आठही कॉम्प्युटर मेलेत. त्यांच्या जागी हे आठ बोर्ड, त्यावर आमची सिस्टीम, तिच्यात पुस्तकांची यादी. समिती २० तारखेला बघायला येणार. हिने बैठकीत माझ्या भरवशावर शब्द दिलाय. नक्की जमेल ना, असं दोनदा विचारलं. चार दिवसांचं काम, म्हणालो.

५ मार्च
बोर्डावरचा दिवा लागतो. स्क्रीन काळी. अपेक्षितच. आधी तीन वायरींनी बोर्ड लॅपटॉपला जोडायचा, मग बोर्ड काय म्हणतो ते लॅपटॉपवर उमटतं. एक वायर पाठवणारी, एक घेणारी, एक ग्राउंड. पाठवणारी पाठवणारीला, घेणारी घेणारीला. रंगसुद्धा जुळवले. बोर्ड गप्प.

६ मार्च, दुपारी ४
सिस्टीमच्या मेलिंग लिस्टवर विचारलं. दाढीवाल्याचं उत्तर: वायरींची अदलाबदल करून बघितली का? (याच्या फोटोत दाढीच दिसते, माणूस नाही.) उचलली जीभ लावली टाळ्याला. एकवीस वर्षं कोड लिहिणाऱ्याला हा वायरी शिकवणार. तीन परिच्छेदांचं उत्तर दिलं. पहिले दोन त्याच्या अकलेवर.

९ मार्च
दोष सापडला. मेमरीचा कोड. तो दाढीवाल्यानेच लिहिलाय, म्हणजे शंकाच नको. सगळा पुसून नव्याने लिहायला घेतला. ही जेवायला बोलावत होती. मेमरी झाली की येतो म्हणालो. आलो तेव्हा भांडी घासून झाली होती.

१३ मार्च
मेमरी झाली. बोर्ड गप्पच. चौथा बोर्ड लावून पाहिला. चारही मुके. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे असतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं आहे. बोर्डांच्या कंपनीला तसं कळवलं.
समितीकडे आठवडा वाढवून मागू का, असं हिने विचारलं. अपमान वाटला. मुळीच मागायचा नाही म्हणून बजावलं.

१७ मार्च, सकाळी ११
घाईत वायरी उलट्या लागल्या. लॅपटॉपवर अक्षरंच अक्षरं. पाठवणारी घेणारीला जोडायची असते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, इतकंच.
दाढीवाल्याचा जुना कोड घालून बघितला. तोही चालला. म्हणजे बोर्ड बारा दिवस बोलतच होता.
लिस्टवर लिहिलं, ‘हार्डवेअरचा गुंतागुंतीचा प्रश्न सोडवला.’ दाढीवाल्याने नुसता अंगठा पाठवला. नीच माणूस.

१८ मार्च
कीबोर्ड चालत नाही. मग यादीत पुस्तक शोधायचं कसं, असं हिने विचारलं. वाचकांना हल्ली सगळं आयतं लागतं.

१९ मार्च
विश्वासघात. ही सात बोर्ड घेऊन वाचनालयात गेली आणि सगळं जग वापरतं ती सिस्टीम सातही बोर्डांच्या मेमरी कार्डांवर एकाच दुपारी टाकून आली. यादी चालते, कीबोर्ड चालतो, प्रिंटरसुद्धा चालतो. कुणी शिकवलं विचारलं. खोक्यात पत्रक होतं, ते वाचलं, म्हणाली. खोक्यात पत्रक असतं हे मला माहीत नव्हतं.
आठवा बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला होता, धूळ पुसून.

२१ मार्च
आठव्यावर स्क्रीन लागली. हिला हात धरून आणलं. कोपऱ्यात तारीख, १ जानेवारी १९७०. बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही, म्हणून मोजणी तिथूनच सुरू होते. त्या हिशोबाने मुदत उलटायला अजून पन्नासेक वर्षं आहेत, असं म्हणालो. ही हसली नाही. कालची बैठक कशी झाली विचारलं. छान झाली, म्हणाली. माझा विषय निघाला का, ते विचारायचं राहिलं.

२३ मार्च, संध्याकाळी ६
वाचनालयाच्या जिन्यात समितीचे अध्यक्ष भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता बरं वाटतंय ना. जपा, म्हणाले, दगदग करू नका. मी हो म्हणालो. का म्हणालो कळलं नाही.
घरी येऊन हिला विचारलं. शब्द तिने दिला होता, ठरलेली सिस्टीम का बसवली नाही याला काहीतरी कारण द्यायलाच हवं होतं. नवरा आजारी आहे, असं सांगितलं म्हणाली.
काय झालंय म्हणून सांगितलंस, मी विचारलं.
ते कुणी विचारलंच नाही, म्हणाली. सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या.