दोनदा म्हटलेला लाभ

बाबा, हे सगळं मी माझ्या हातांनी केलंय: कंदील, नरसाळी, चाळण्या, पिठाचे डबे, लग्नातल्या पत्र्याच्या पेट्या आणि धान्याची मापं. मापं सगळ्यांत जास्त. कुणी शिकवलं नाही. जुने डबे उसवून, पुन्हा जोडून शिकलो. माझं माप सूतभरही चुकलं असं पनवेलच्या बाजारात कुणी म्हणालं नव्हतं. गेल्या महिन्यात म्हणाले. ते सांगायलाच बसलोय, पण त्याआधीचं सांगायला हवं, आणि तिथं आलं की मी उठून पाणी पिऊन येतो. आता तिसऱ्यांदा कागद घेऊन बसलोय.

बंदरावरची तांदळाची वखार. लढाईचे दिवस, रंगूनचा तांदूळ बंद झालेला. तुम्ही तिथले मापारी. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा घोळवायचा: लाभ, लाभ, लाभ... दोन, दोन, दोन. मी बारा वर्षांचा, तुमची भाकरी घेऊन आलेला. समोर ओवे गावची एक बाई उभी आहे, कडेवर एक मूल, पदराला दोन. ती दोघं खाली सांडलेले दाणे वेचून कच्चेच चावतायत. बाईने चार मापांचे पैसे भरलेत. तुम्ही लाभ म्हणत तिच्या फडक्यात एक माप ओतता, आणि लाभच म्हणत दुसरं.

मी ओरडलो, "बाबा, लाभ दोनदा झाला!" शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

वखारीचे मालक गादीवरून हसले. "मापाऱ्या, पोराला मोजता येतंय की! तुला कधी येणार?" जास्तीचं माप त्यांनी बाईला परत ओतायला लावलं. ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "पोरा, तू जेवून आयलास वाटतं." तुमचं काम त्या दिवशी सुटलं. वाटेत तुम्ही म्हणालात, "मोजलंस बरोबर. आता तुझ्या आयेला काय सांगू, ते पण तूच सांग." पुढं कित्येक महिने घरी टाकळ्याचा पाला आणि त्यात मूठभर कण्या. तुम्ही स्वतःच्या वाट्यातलं माझ्या ताटात वाढताना मुद्दाम म्हणायचात, "लाभ... लाभ." आई हसायची. मी मान खाली घालून खायचो.

यंदा पुन्हा दुकानांपुढं रांगा आहेत. बाजारातल्या एका शेटनं देवळासमोर जाहीर केलं, शाळेतल्या प्रत्येक पोराला दर शनिवारी एक माप तांदूळ फुकट. अर्ध्या लिटरचं माप माझ्याकडून करवून घेतलं. मी ते बोटभर खोल केलं. हात घसरला नाही, मोजून केलं. तिसऱ्या शनिवारी शेटना एक पोतं जादा फोडावं लागलं, तेव्हा माप पिशवीत घालून आले. "मिस्त्री, चुकलंय तुमचं. दुसरं नेलं तर पोरं लगेच ओळखतील. हेच आतून तळ उचलून द्या, गुपचूप."

"चुकलं असेल, शेट," मी म्हणालो. "आता राहू दे तसंच."

तेव्हापासून बाजारात बोलतात, मिस्त्रीची नजर गेली. बाबा, ते मला लागतं. रोज लागतं. एकदा तर खरं काय ते सांगून टाकावं म्हणून निम्म्या रस्त्यापर्यंत गेलो आणि परत आलो. तुम्ही नाही आता, हा कागदही कुठं जायचा नाही. तळ उचलायचे शेट साठ रुपये देत होते. मी नाही म्हटलं.