एका कोयत्याच्या गोळ्या

ता. केज,
१४ मार्च २०१९

आसारामदादास तुझ्या भिमाचा जय भीम.

तू, वहिनी आणि पोरं बरी असाल. इकडे टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि हंड्यांवरून रोज भांडणं होतात. म्हैस छावणीवर आहे. तिला चारा-पाणी वेळेवर मिळतं, एवढी एकच गोष्ट नीट चालली आहे. आठ दिवस तू माझा फोन कापतोस, म्हणून लिहायला बसले. पत्र तरी पुरतं वाच.

दादा, मी तुला फोन केला तो भाऊ म्हणून, पोलीस म्हणून नाही. ऊस तोडून आल्यापासून शहादेवची गोळी चुकली की त्याला घाम फुटायचा, ओकाऱ्या व्हायच्या, पाय आखडायचे. तू म्हणालास, "गोळ्या कुठं ठेवतो तेवढं सांग. इथल्या ठाण्यात ओळख हाय, जीप पाठवतो, दवाखान्यात घालू." मी सांगितलं, बाजरीच्या डब्यात. जीप आली, डबा पालथा झाला, आणि जीप दवाखान्याकडे वळलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. माझा नवरा फरशीवर मुटकुळं करून पडला होता, दात वाजत होते. डॉक्टर बोलवा म्हटलं तर तुझ्या खात्यातला हवालदार हसला. "बाई, नशा उतरायलीय. हीच दवा हाय." तुला विचारलं तर तूही तेच. "चार दिवस आत राहिला की सुटंल." कुठल्या डॉक्टरने सांगितलं तुला? आपले आप्पा दारूने खंगले तेव्हा तू पंधरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलास, कंपाउंडरच्या पाया पडलास. तेव्हा तुला नोकरी लागायची होती. वर्दी चढल्यावर आजारी माणूस चोर दिसायला लागला का?

आणि ज्याने ही सवय लावली त्याचं काय? कारखाना म्हणे सहकारी. फाटकावर हे मोठ्ठं लिहिलंय. आत दवाखानाही आहे, पण तो सभासदांचा. आम्ही पडलो मुकादमाची माणसं. मोळ्या वाहून शहादेवची कंबर गेली, तेव्हा तात्याबा मुकादम म्हणाला, "दवाखाना कशाला? ही गोळी घे. गाडी भरंस्तवर कंबर हाय का न्हाई ते कळायचं न्हाई." दुष्काळाने यंदा गावंच्या गावं तोडणीला आलेली. बसलास तर तुझ्या जागी दहाजण उभे आहेत, असंही वर ऐकवलं. मग रोज सकाळी गोळ्या वाटायला लागला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात ना, तसं कोयत्यामागे एक पाकीट. तीच पाकिटं पुढे बाजरीच्या डब्यात आली.

हाच तात्याबा इथल्या दूध संस्थेचा संचालक आहे आणि छावणी त्याच संस्थेची. काल म्हशीला पाणी पाजायला गेले तर ठाण्याच्या जमादाराला चहा पाजत बसला होता. मला म्हणतो, "काय भिमाबाई, नवरा वाया गेला की." त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नाही, दादा. माझ्या हातात बादली होती. डोक्यात घालायला हवी होती.

आता कोर्टाने दिलेला वकील सांगतो, गुन्हा विक्रीचा लागलाय. पंचनाम्यात लिहिलंय, एवढ्या गोळ्या एकट्या माणसाला लागत नाहीत, म्हणजे विकायलाच ठेवल्या होत्या. शहादेव त्यावर काही बोलला नाही. साहेबाने कानाखाली वाजवल्या तरी नाही.

तो का बोलला नाही ते मला माहीत आहे. मोळ्या मीही वाहिल्या, दादा. त्यातल्या निम्म्या गोळ्या माझ्या होत्या.

फोनवर मी फक्त त्याचं नाव सांगितलं. वाटलं, तो बरा होऊन आला की त्याच्या मागोमाग मीही सोडीन, तुला कळायची गरज नाही. डबा पालथा झाला तेव्हा चुलीपाशी उभी होते आणि तोंड उघडलं नाही. लाज वाटली. भीतीही वाटली. डबा गेल्यापासून मला झोप नाही, अन्न पोटात ठरत नाही. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळेच.

पुढच्या सोमवारी गेवराईला तुझ्या दारात येते. निम्म्या माझ्या, हे मी कोर्टातही सांगणार आहे, मला अडवू नकोस. मला ठाण्यात न्यायचं की दवाखान्यात, तेवढं तोवर ठरव. जिथे मला नेशील तिथेच शहादेवलाही न्यावं लागेल.

तुझ्या पाठची,
भिमा