सफारीची बटणं

१७ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी गायत्रीच्या लग्नाची बैठक, आमच्या घरी, वेल्ह्यात. मुलाकडचे सारोळ्याहून येणार. मुलीच्या बापाला शोभेल असा सफारी आहे, फक्त बटणं लागत नाहीत. आजपासून सहा दिवस लिक्विड डाएट. ताक, नारळपाणी, सूप. अश्विनी म्हणाली, बैठक झाल्यावर करा. बायकोला प्लॅनिंग कळत नाही.

१९ नोव्हेंबर
दोन किलो कमी. सकाळी संडासात चाळीस मिनिटं. निकाल शून्य. बॉडी ॲडजस्ट होतेय.

२० नोव्हेंबर
आजही नाही. पोट गप्प आहे. इतकं गप्प बरं नव्हे. ऑफिसात सारखं लक्ष तिकडेच. भीती वाटते. भीती नव्हे, उत्सुकता.
ठकुबाई आत्या बजावून गेल्या, सुपारी फुटंस्तवर मुलीच्या बापानं जागचं उठायचं न्हाई, उठला की नकार समजत्यात. मी कशाला उठतोय.

२१ नोव्हेंबर
नसरापूरला डॉक्टरांकडे. म्हणाले, पोटात चोथाच जात नाही, मग बाहेर येणार काय? तब्येत ठणठणीत आहे. जुलाबाचं काही घेऊ नका, भाकरी-भाजी खा. एवढं शिकून हा सल्ला.

२२ नोव्हेंबर
शेवटचं बटण अडतंय. डॉक्टर काही म्हणोत, माल आतच साठलाय. एरंडेलाची बाटली आणली. गायत्री फोनवर मुलाशी बोलताना हसत होती. तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, सकाळी सात
एरंडेल दोन चमचे.

आठ वाजता
काहीच नाही. बाटली बोगस. आणखी चार चमचे.

साडेदहा
बटण लागलं! पोटात लांब कुठंतरी ट्रक घाट चढतोय. पाहुणे आले. दुर्लक्ष करायचं.

दुपारी चार
मुलाचे चुलते नाना याद्या वाचत होते. तासभर दात आवळून बसलो. घाम आला. सुपारी ताटात होती. नानांनी बत्ता उचलला आणि मी उठलो. पळालो.
अर्ध्या तासाने आलो तर सतरंजी रिकामी. सुपारी तशीच, अख्खी. अश्विनीने परोपरीने सांगितलं म्हणे, खरंच पोट बिघडलंय. नाना म्हणाले, नकार देनारे समदे पोटाचंच सांगत्यात, वहिनी. आमी समजलो.
गायत्री आत आहे. कडी लावलीय. मला फार वाईट वाटतंय.
आत्ताच सारोळ्याला जाऊन नानांचे पाय धरले असते. पण संडासापासून दहा पावलांपलीकडे जायची सोय नाही.
अश्विनीने भाकरी वाढून ठेवलीय.
सफारीची सगळी बटणं लागतात.