रिकामी गाडी फिरवायची नाही

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकी मोठी, गादी नवी आणि दाराला कडी आतून. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईमाणसाला आतून कडी असलेली खोली मिळाली की तिने कुरकुर करू नये. आजवर सोफ्यांची आणि मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवली, आता बाबागाड्यांचे टप शिवायचे. यालाच बढती म्हणत असावेत.

मालकीणबाई सत्तरीच्या, ताठ आणि बोलायला गोड. माझी पिशवी त्यांनी स्वतः जिना चढून वर आणली, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी संग्रह दाखवला. खालच्या लांबलचक दालनात एक्केचाळीस गाड्या ओळीने उभ्या आहेत. तेवीस खऱ्या, अठरा खेळण्यातल्या. वेताच्या, पत्र्याच्या, एक बोकडाला जुंपायची, एक जुळ्यांसाठी दोन्हीकडून टप असलेली. एका टपाला काचेची खिडकी आहे, बाळाला पाऊस बघता यावा म्हणून. बाहुल्यांच्या गाड्यांचा थाट तर खऱ्यांनी लाजावं असा. करंगळीएवढे चामडी पट्टे आणि त्यांना खरीखुरी बक्कलं!

बाईंनी विचारलं, घरात लहान मूल आहे का. म्हटलं, लेकीचे दिवस भरलेत, आज ना उद्या होईलच. त्यांना फार आनंद झाला. मला बोलावलेलं नाही हे मी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी आपली धुणी कशाला धुवा?

४ तारीख, मंगळवार

काम समजलं. गाडी नुसती उभी राहिली की चाकाची रबरी धाव एका जागी चपटी होते, म्हणून रोज सकाळी प्रत्येक गाडी दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवायची. रिकामी मात्र फिरवायची नाही. ओझं नसलं की स्प्रिंगा ताठरतात आणि पट्टे सुकतात, म्हणून प्रत्येक गाडीत वाळूची थैली निजवलेली असते. हँडलला पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असतं. त्यावर वर ‘कोणासाठी’ आणि खाली ‘भार’. थैली रोज वजनकाट्यावर ठेवायची आणि आकडा वहीत लिहायचा.

कार्डांवरचं अक्षर मात्र जागोजागी वेगळं. बाई म्हणाल्या, आजवर ज्या ज्या बायका इथं कामाला होत्या, त्यांनी आपापल्या हातच्या गाड्यांची कार्डं लिहिली. एका कार्डावर ‘बहिणीचा धाकटा’ होतं, एकावर ‘आमचा गोट्या’. वाचून बरं वाटलं, घर माणसांचं वाटलं.

६ तारीख, गुरुवार

नात झाली! जावयाचा फोन आला दुपारी. दोन किलो नऊशे, आवाज खणखणीत. मी येऊ का विचारलं. म्हणाला, आई, आत्ता नको, ती जरा... पुढचं त्याने गिळलं, पण मला पाठ आहे. जिने मला मावशीकडे टाकलं, तिने माझ्या पोरीला उचलायचं नाही, असं लेक म्हणते.

आठ वर्षं ठेवली होती बहिणीकडे. दुकान सांभाळू की पोर, असं होतं तेव्हा. कष्ट केले ते कोणासाठी, असं मी तिला एकदा सुनावलं होतं. ती म्हणाली, मला विचारलं होतंस?

७ तारीख, शुक्रवार

चाळीस गाड्यांना थैल्या आहेत, एक्केचाळिसावी कोरी आहे. खेळण्यातलीच, वेताची, तीन चाकी, पण एखादं तान्हं बाळ सहज मावेल एवढी. आज तिचा टप शिवून झाला. आतून निळं कापड लावलं आणि टाके इतके बारीक घातले की माझी मीच पाठ थोपटली.

कार्डावर काय लिहू, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोरं फार दिवस ठेवायचं नसतं, तुमच्या मनात येईल ते लिहा. माझ्या मनात दुसरं काय येणार? ‘माझी नात’ लिहिलं. भार दोन किलो नऊशे. थैली भरताना काटा बरोबर तिथे येईपर्यंत चिमूटचिमूट वाळू घातली. दालनात कोणी नव्हतं. थैली उचलून खांद्याला लावली आणि तशीच खूप वेळ उभी राहिले. हसा कोणाला हसायचं असेल तर.

१० तारीख, सोमवार

नातीची थैली आज दोन किलो नऊशे ऐंशी भरली. वाळूने ओल धरली असेल. जावई म्हणाला, बाळ ऐंशी ग्रॅमनी उतरलंय, पण पहिल्या दिवसांत सगळीच उतरतात. खरं आहे, लेकही उतरली होती. म्हणजे, असं बहीण सांगायची.

१३ तारीख, गुरुवार

थैली तीन किलो दीडशे. बाळ दोन किलो साडेसहाशे. दूध पितंय, रडतंय, तपासण्यांत काही निघत नाही, डॉक्टरही चक्रावलेत. मी वहीतले दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. इकडे जेवढं वाढलं तेवढंच तिकडे उतरलंय. ग्रॅमचाही फरक नाही.

वेडेपणा आहे हा. एकटी राहिलं की डोकं असंच चालतं. तरीही थैलीची शिवण उसवली आणि वरची दीडशे ग्रॅम वाळू काढून टाकली.

१५ तारीख, शनिवार

थैली तीन किलो तीनशे. बाळ दोन किलो साडेतीनशे.

मी काढलेली वाळू तिने भरून घेतली, वर आणखी घेतली. तीही माझ्या नातीच्या अंगची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जावयाला सांगणार तरी काय? वाळू काढली म्हणून तुझी मुलगी झिजली?

१६ तारीख, रविवार

सकाळी थैली बागेत रिकामी केली. कार्ड फाडून चुलीत घातलं. दुपारी दालनात गेले तर थैली गाडीत होती. माझेच टाके. कार्डही होतं, माझंच अक्षर. तीन किलो चारशे ऐंशी.

बाळाला दवाखान्यात ठेवलंय.

१७ तारीख, सोमवार

बाईंना गाठलं. त्या चहा पीत होत्या. कप खाली ठेवला नाही, नजर चुकवली नाही. म्हणाल्या, कोरी गाडी घरातल्याच माणसाचं वजन घेते. त्यांच्या मुलाचं घ्यायला लागली होती, फार वर्षांपूर्वी. म्हणून दुसऱ्या कोणाचं तरी लिहावं लागतं. गाड्या विकत का नाही, असं विचारलं. विकल्या तरी परत येतात म्हणे, आणि येताना आणखी एखादी घेऊन येतात. ‘बहिणीचा धाकटा’ कुठे आहे, ‘गोट्या’ कुठे आहे, तेही विचारलं. त्यावर त्यांनी नुसतं दालनाकडे बघितलं.

मी ओरडले. फसवलंत म्हटलं. तर म्हणाल्या, मी कोणालाच सांगत नाही कोणाचं लिहा ते. सगळ्या आपणहून लिहितात, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याचंच लिहितात.

मग अगदी मायेने म्हणाल्या, खोडून खाली दुसरं लिहिता येतं. समोरच्या इमारतीत बाळं कमी आहेत का?

१८ तारीख, मंगळवार

खिडकीत बसले पेन घेऊन. समोरच्या दुकानापाशी एक बाई कडेवरच्या पोराला फुगा दाखवत होती. गोंडस होतं पोर. खोटं कशाला लिहू, पेनाचं टोपण मी काढलं होतं. तासभर काढलेलंच होतं.

मग ते पोर तिच्या खांद्यावर झोपलं.

‘माझी नात’ खोडलं. खाली लिहिलं, ‘मी’. भार एकसष्ट किलो.

१९ तारीख, बुधवार

बाळ साठ ग्रॅमनी वाढलं!! जावई फोनवर रडत होता.

मी सत्तावन्न किलो. आयुष्यभर बारीक व्हायचं म्हणत होते, घ्या.

२१ तारीख, शुक्रवार

बाळ घरी आलं. वजनकाटा वर खोलीत आणलाय, मी अठ्ठेचाळीस. थैली फुगत नाही, नुसती जड होते. गाडीच्या स्प्रिंगा पार टेकल्यात. बाई रोज गरम दूध वर आणून देतात. वर विचारतात, बरं वाटतंय ना. हिच्या गोडव्याला आग लागो.

२२ तारीख, शनिवार

लेकीचा फोन. तिचा स्वतःचा. आई, ये, म्हणाली. पोरीचं नाक तुझ्यावर गेलंय, बघायला ये.

ये म्हणाली. चार वेळा लिहिलं तरी समाधान होणार नाही.

जिना उतरवत नाही. बरं नाही म्हटलं तिला. तर म्हणाली, मीच येते न्यायला, पोरीला घेऊन. मी हो म्हटलं. इतका आनंद झाला की हो म्हणून बसले. कुठे बोलावतेय हे—

तिला अडवायला नंतर खोलीतला फोन उचलला, तो बंद. खाली बाईंनी तार काढून ठेवलीय.

२३ तारीख, रविवार

एकतीस. पेन जड लागतंय. दाराची कडी आतून लावली होती, आता सरकवता येत नाही—

खिडकीतून दिसलं. नवी गाडी आली. बाहुलीची, पांढरी, जाळीचा टप. बाईंनी स्वतः पुसली. हँडलला कार्ड. कोरं.

२४ तारीख, सोमवार

अकरा वाजलेत. ऊन आहे. खाली घंटा वाजली.

तिचा आवाज. माझ्या लेकीचा. बाळही रडतंय, खणखणीत—

बाई दालनात नेतायत त्यांना. आई झोपलीय, उठली की येईल, असं सांगतायत. लेक हसली. इतकी मोकळी मी तिला कधी—

हाक मारतेय. आवाज निघत नाही. पाय आपटला तर तोही वाजत नाही—

बाई विचारतायत, ही पांढरी आवडली का? पोरीसाठी घेऊन जा. फक्त कार्ड तेवढं—

मनात येईल ते, म्हणतायत—

हा कागद फाडून दाराखालून जिन्यावर टाकते. पोहोचेल. पोहोचायला हवा. पोरी, पेन खाली ठेव. माझंही नको लिहूस, तिचं तर नकोच, त्या कार्डावर काही म्हणजे काही लि—