व्हरांड्यातला हातचा

प्रिय छोटे,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, आणि मी सर्दीवर ढकललं. थाप होती ती. तुलाही कळली असणार, तरी तू शहाण्यासारखी वाफ घ्यायला सांगून फोन ठेवलास.

गेल्या महिन्यात तिसरीच्या वर्गात मोठ्या संख्यांची बेरीज चालू होती. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, तू तिला ताईची सर्कस म्हणतेस. चारशे सत्तावीस अधिक दोनशे अठरा. एककाच्या घरात मुलंच उभी करायची. सात इकडून, आठ तिकडून, झाली पंधरा. त्यातल्या दहाजणांनी हात धरले की त्यांचा एक दशक झाला, त्यांना एककाच्या घरात जागा नाही. त्यांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं आणि मी हाक मारली की आत येऊन दशकाच्या घरात उभं राहायचं. नियम एकच, हाक येईपर्यंत हात सोडायचे नाहीत. पोरं त्या हाकेसाठी जीव टाकतात. एकदा हे केलेलं मूल हातचा जन्मात विसरत नाही, अशी फुशारकी मी किती नव्या शिक्षिकांपुढे मारली असेल!

त्या दिवशी मी हाक मारलीच नाही. दोन आणि एक तीन, चार आणि दोन सहा. सहाशे पस्तीस लिहिलं, फळा पुसला आणि भाषेचं पुस्तक काढायला सांगितलं. पुढच्या बाकावरची चष्मेवाली सारखा हात वर करत होती, तिला दटावून खाली बसवलं. रिकाम्या जागा डोळ्यांसमोर होत्या गं, पण त्यांचा अर्थच लागत नव्हता. शेवटी शिपाईमामांनी दार ढकललं. बाहेर बोचरा वारा सुटला होता आणि दहाही पोरं भिंतीला टेकून हात धरून उभी होती. एकीचे कपडे उभ्या जागी ओले झाले होते, तरी तिने शेजारणीचा हात सोडला नव्हता. मी मामांना विचारलं, ही कुठल्या वर्गाची मुलं?

मुख्याध्यापिकेने सांभाळून घेतलं, म्हणजे घरी पाठवलं. मग डॉक्टर, तपासण्या. आईला जे झालं होतं तेच. तिला सत्तरी उलटल्यावर गाठलं, मला पन्नाशीतच. वर्ग गेला, छोटे. सकाळी आवरून बसते आणि जायला कुठे नाही हे आठवलं की धाय मोकलून रडते. पुढे बघायला गेलं तर काही म्हणजे काही दिसत नाही.

आईसाठी तू नोकरी सोडलीस, ठरलेलं लग्न मोडलंस. ती तुला चोर म्हणायची, ताट भिरकावायची आणि तू न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस. ते पुन्हा नको. अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या एका निवासात मी जागा घेतली आहे, सह्याही झाल्या. तिथे गेल्यावर मी घरी ने म्हणून गयावया करीन, शपथा घालीन, तू धाकटी असूनही तुझ्या पाया पडेन. तेव्हा माझं ऐकू नकोस. तुझ्या ताईचं म्हणणं हे आहे, आणि ते ती शुद्धीत असताना लिहिते आहे. भेटायला येत जा, जवळ बस, आणि वेळ झाली की मी कितीही रडत असले तरी उठून जा.

अजून तुला ओळखणारी,
तुझीच,
ताई