बाळूची वाटेत थांबलेली गोटी

१२ जाने. ८४
बाळूला न्हाऊ घालताना हात थबकला. नातू महिन्याचा झाला आणि शूच्या जागेखालच्या पिशवीत गोटी एकच! उजवीकडे रिकामं. सूनबाईला, सुनंदाला, दाखवलं. पोरीचा चेहराच उतरला. सिन्नरच्या वन्सं आल्यात, त्या लगेच, "पोटुशी असताना सायकलवर शाळेत शिकवायला जायची ना? लय गचके बसले. गेली वर!"
मलाही पटलं. सायकलची किल्ली गुपचूप हळदीच्या डब्यात टाकली.

१३ जाने.
तेल कोमट करून जरा खाली ओढून पाहिली. बाळू किंचाळला, सु. रडली. हे ओरडले, "अगं, ती काय भेंडी आहे तोडायला?"

१६ जाने.
गंगापूर रोडच्या डॉ. बाईंकडे. आधी तळहात चोळून गरम केले, मग तपासलं. म्हणाल्या, "वर गेली नाही आजी, असतेच वर, पोटात. बाळ गर्भात असताना त्याचेच हार्मोन्स तिला शेवटच्या महिन्यांत खाली आणतात. ही वाटेत थांबलीय."
"म्हणजे द्वारकेच्या बसथांब्यावर उतरायचा पाहुणा गाडीतच झोपला!"
बाई खळखळून हसल्या. सायकलचा संबंध काडीचा नाही. ओढायचं, दाबायचं नाही. सहा महिन्यांत पुष्कळांची आपोआप उतरते, नाहीतर ऑपरेशन. तशीच ठेवली तर मोठेपणी मूल व्हायला अडचण येऊ शकते.
किल्लीचं सांगायला हवं होतं. लाज वाटली.

२ फेब्रु.
सु.चं शास्त्राचं जुनं पुस्तक वाचतेय. हार्मोनला त्यात संप्रेरक म्हटलंय. गर्भात तिसऱ्या महिन्यापासून पोर ते आपलं आपण रांधून घेतंय, आणि आम्ही आईला धारेवर धरतो!
वन्संना कळवायचं, पण पोस्टकार्ड उघडं, पोस्टमन वाचणार. एवढंच लिहिलं: पाहुणा सायकलवरून पडलेला नाही.

१० जून
उद्या डॉ. बाईंना दाखवायचं. सु. सकाळपासून धास्तावलेली. कोमट पाण्यात बाळू पाय उडवत होता, तेवढ्यात जांघेत मटाराएवढं काहीतरी बोटाला लागलं. दाबलं नाही, शप्पथ. अंग पुसलं तर गायब.
"आई, खरंच लागलं?"
"लागल्यासारखं... उद्या बाईच सांगतील."
शाळा उघडायची वेळ आली, सु. पुन्हा किल्ली शोधायला लागली. पाच महिने शोधतेय. शेवटी हळदीचा डबा पुढे केला. पिवळीधमक किल्ली हातात धरून बघतच राहिली.
"म्हणजे आई, तुम्हीसुद्धा?"
"मीसुद्धा. चुकलंच गं."
पदर खोचून अंगणात गेली, चाकांत हवा भरत बसली. मग तिथूनच, "उद्या मी सायकलवर पुढे होते. तुम्ही नातवाला घेऊन रिक्षानं या. गचके सांभाळून!"